सुक्या फुला-पानांचा घरगुती सुगंध: ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांसाठी नेहमीचे प्रश्न

गेली काही वर्षं मी घरी पोटल्या, सुगंधी मिश्रणं आणि मेणाच्या वड्या करते. सोसायटीतल्या मैत्रिणी, त्यांच्या सुना, ऑफिसातल्या ओळखी, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. ते इथे एकत्र लिहिले आहेत. माझं घर घोडबंदर रोडला, सातव्या मजल्यावर आहे. त्यामुळे उत्तरंही खाडीकाठच्या दमट हवेत राहणाऱ्यांसाठीच आहेत. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत काही गोष्टी याहून सोप्या जातात.

मी याआधी काहीच केलेलं नाही. सुरुवात कशापासून करू?

वाळ्यापासून. मूठभर वाळा आणा, स्वच्छ धुवा, दोन दिवस उन्हात कडकडीत वाळवा, कात्रीने बोटभर तुकडे करा आणि जुन्या मलमलच्या तुकड्यात बांधून साड्यांच्या घडीत ठेवा. फसण्यासारखं यात काही नाही. वाळा म्हणजे मूळ, आणि त्याचा वास आतल्या तेलात असतो, म्हणून तो लवकर उडत नाही. माझ्या आईच्या ट्रंकेत पैठणीखाली वाळ्याची अशी एक जुडी असायची. वर्षातून एकदा ती बाहेर काढून उन्हाला लावायची आणि पुन्हा आत. आजही मला सणाचा वास म्हटलं की तोच आठवतो.

मोगरा, जाई, सोनचाफा सुकवले तर त्यांचा वास का राहत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि निराशाही इथेच सगळ्यात जास्त होते. मोगरा आणि जाई तोडल्यानंतरही काही तास वास तयार करत राहतात, म्हणून तर संध्याकाळी माळलेला गजरा रात्री अधिक घमघमतो. पण फूल मेलं की ते काम थांबतं. पाकळीत साठवून ठेवलेलं फारसं काही नसतं. वाळल्यावर हातात तपकिरी कागद उरतो. सोनचाफ्याचं तेच, पारिजातकाचंही तेच. अत्तरवाले मोगऱ्याचा वास ताज्या फुलांतून चंदनाच्या तेलात उतरवतात, तो याचमुळे. तेव्हा गजरा माळा, देवाला वाहा, ओंजळीत घेऊन हुंगा, पण बरणीत भरू नका.

वाळल्यावरही ज्यांचा वास राहतो त्यांची यादी आपल्याकडे लहान नाही. बकुळ सगळ्यात आधी. बकुळीचं फूल सुकून तांबूस झालं तरी गंध सोडत नाही, हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचायची. फूल गळतं तेव्हा त्याच्या मधोमध आपसूकच भोक असतं, त्यामुळे सुईसुद्धा लागत नाही, दोऱ्याला थोडा पीळ दिला की एकामागे एक सरकत जातात. अशी हातभर माळ कपाटाच्या आत खिळ्याला टांगून ठेवली की आठवड्याभरात वाळते, आणि पुढे कित्येक महिने कपाट उघडलं की आधी तिचा वास येतो.

दवणा आणि मरवा हे दुसरे. चैत्रात कोल्हापूरच्या जोतिबाला दवणा वाहतात, त्याच सुमारास आपल्याकडच्या फुलबाजारातही जुड्या येतात. दवणा वाळताना त्याचा वास गोडसर, थोडा सुक्या फळांसारखा होत जातो. मला तो ताज्यापेक्षा वाळलेला जास्त आवडतो.

आणि पाच. वेणीत मरव्याबरोबर घालतात ती पाच म्हणजेच अत्तरांच्या दुनियेतली पॅचुली, हे अनेकींना ठाऊक नसतं. ओलं पान तितकंसं बोलत नाही. ते तोडून, ढीग करून एक-दोन दिवस सावलीत मऊ पडू द्यायचं आणि मग वाळवायचं. मातीसारखा, जुन्या लाकडासारखा खोल वास सुटतो, आणि जुना होईल तसा सुधारतो. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जात तेव्हा कसर लागू नये म्हणून घडीत हीच पानं घालत, आणि तिकडच्या लोकांना शालीच्या अस्सलपणाची खूण म्हणून तो वास ओळखीचा झाला. ज्या पानाने काश्मिरी शाल सांभाळली ते आपल्या बाल्कनीतल्या कुंडीत, अर्ध्या सावलीत, दमट हवेत आनंदाने वाढतं. तेव्हा ठाण्याच्या उन्हापावसात लॅव्हेंडरची रोपं मारण्यापेक्षा पाच लावा. लॅव्हेंडरला कोरडी, थंड हवा लागते. आपल्या पावसाळ्यात ते मुळाशी कुजतं. मी तीन रोपं घालवल्यावर तो नाद सोडला.

गुलाबात गावठी गुलाबी गुलाब घ्या. लांब देठाच्या, बुकेतल्या गुलाबाला मुळातच वास नसतो, मग वाळल्यावर कुठून येणार?

हे साहित्य कुठे मिळेल?

ठाण्यात जांभळी नाक्याचा बाजार पुरेसा आहे. फुलं आणि दवणा-मरवा फुलवाल्यांकडे. वाळा, नागरमोथा, कचोरा, गव्हला, जटामांसी, चंदनाचा भुसा हे काष्ठौषधींच्या किंवा पूजासाहित्याच्या दुकानात. दिवाळीच्या आधी उटण्यासाठी हे सगळं ताजं येतं, वर्षाचं तेव्हाच घेऊन ठेवावं. दालचिनी, चक्रफूल, दगडफूल जास्त लागत असेल तर नवी मुंबईकरांना वाशीचं एपीएमसीचं मसाला मार्केट जवळ आहे, चार जणींनी मिळून घ्यावं. घेताना हातावर चोळून हुंगा. वास आला नाही तर ते जुनं आहे, दुकानदार काहीही म्हणो.

येऊरला फिरायला जाताना पानंफुलं तोडून आणू नका. ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथून काहीही आणायला कायद्याने मनाई आहे. खाली पडलेलंही तिथल्या मातीचंच आहे.

वाळवण्यासाठी सगळ्यात चांगला काळ कोणता?

नोव्हेंबर ते मार्च. या कामात माझं मत सगळ्यात ठाम असेल तर ते इथे: आपल्या गावात महिना चुकला की बाकी सगळं बरोबर असूनही उपयोग नसतो.

हे मी नुकसान सोसून शिकले. पहिल्या वर्षी जुलैत गुलाबाच्या पाकळ्या पंख्याखाली आठ दिवस ठेवल्या, हाताला कोरड्या लागल्या, काचेच्या बरणीत भरल्या. गणपतीत आरतीच्या ताटाशेजारी ठेवायच्या म्हणून चतुर्थीच्या सकाळी झाकण उघडलं, तर वरच्या थरावर कापसासारखी पांढरी बुरशी आणि आंबूस दर्प. अर्धा किलो फुलांच्या पाकळ्या होत्या. फार वाईट वाटलं. पावसाळ्यात हवाच पाण्याने भरलेली असते. पाकळी एका हद्दीपर्यंत कोरडी होते आणि तिथेच थांबते, आणि राहिलेला ओलावा बरणीत कोंडला जातो.

संक्रांतीच्या आसपास तीच पाकळी आठ-दहा दिवसांत कुरकुरीत होते. दवणा, मरवा, तुळस, गवती चहा यांना पाच-सहा दिवस पुरतात.

आणि पावसाळ्यातच वाळवायचं असेल तर?

दोन उपाय. खोलीतला एसी ‘ड्राय मोड’वर चालत असेल तर त्या खोलीत परातीत पातळ पसरून ठेवा. किंवा बर्फ न साचणाऱ्या फ्रिजमध्ये, कागदावर, न झाकता. तिथली हवा खूप कोरडी असते, पाच-सहा दिवसांत पानं वाळतात आणि रंगही हिरवा राहतो. फक्त त्या दिवसांत फ्रिजमध्ये चिरलेला कांदा किंवा सुकट नको. दोन्ही उपाय मूठ-दोन मुठींपुरते. जास्त माल असेल तर दिवाळीपर्यंत थांबा.

उन्हात वाळवू की सावलीत? ओव्हन चालेल का?

मुळं आणि साली उन्हात, पानं-फुलं सावलीत. उन्हाने पाकळीचा रंग उडतो आणि वासही. पानांच्या जुड्या उलट्या टांगा, पण जुडी बोटाच्या जाडीहून जाड नको, नाहीतर मधली पानं काळी पडतात. संत्र्याच्या सालीची आतली पांढरी बाजू खरवडून काढा, मग ती चार-पाच दिवसांत कडक होते.

ओव्हन मी फक्त सालींसाठी वापरते, सगळ्यात कमी तापमानावर, दार थोडं उघडं ठेवून. स्वयंपाकघरात फार छान वास सुटला तर समजा तो सालीतून निघून जातोय.

फुलाचा आकार जसाच्या तसा हवा असेल तर सिलिका जेलमध्ये पुरून वाळवतात. निळ्या रंगाचं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला घातक आहे. पांढरं किंवा नारिंगी घ्या, आणि ओतताना धूळ नाकात जाऊ देऊ नका.

पूर्ण वाळलं हे कसं ओळखायचं?

पान कानाजवळ नेऊन चुरडा. पापडासारखा आवाज आला पाहिजे. पाकळीचं टोक कुरकुरीत असतं पण बूड, जिथे ती देठाला चिकटते, ते लवचीक राहतं. तिथेच दाबून बघा. तरी खात्री नसेल तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आज आणि उद्या वजन करा. आकडा तोच राहिला तर झालं. शंभर ग्रॅम ताज्या पाकळ्यांच्या साधारण पंधरा ते वीस ग्रॅम सुक्या होतात, हे आणतानाच लक्षात घ्या.

वास टिकावा म्हणून काय घालतात?

वास धरून ठेवणारं काहीतरी लागतं. परदेशी कृतींत त्यासाठी ‘ऑरिस रूट’, म्हणजे आयरिसचं सुकं मूळ सांगितलेलं असतं, आणि ते इथे शोधत बसून मुली कंटाळतात. त्याची गरज नाही. नागरमोथा, वाळा, दगडफूल, लोबान आणि चंदन हे सगळे तेच काम करतात. हे जड वास हळूहळू सुटतात आणि हलक्या वासांना सोबत बांधून ठेवतात. गोड्या मसाल्यातलं दगडफूल अत्तरांतही वापरतात, ते याच गुणामुळे.

एखादं नेमकं प्रमाण सांगाल का?

हे माझं नेहमीचं, शंभर ग्रॅमचं: सुक्या गुलाबपाकळ्या 40 ग्रॅम, दवणा 20, कातरलेला वाळा 15, जाडसर कुटलेला नागरमोथा 10, संत्र्याची साल 10, दगडफूल 5. वर आठ-दहा लवंगा. बकुळ असेल तेव्हा पाकळ्यांपैकी निम्म्या कमी करून तेवढी बकुळ.

सगळं कोरड्या हातांनी कालवा, बरणी तीन-चतुर्थांशच भरा आणि अंधाऱ्या कपाटात चार आठवडे ठेवा. एक दिवसाआड हलवा. पहिल्या आठवड्यात सगळे वास वेगवेगळे येतात, लवंग पुढे पुढे करते. तिसऱ्या आठवड्यानंतर ते एकमेकांत मुरतात. आपल्याकडे लोणचं मुरू देतात तसंच हे, घाई केली की कच्चं राहतं.

तेल घालायचंच असेल तर शंभर ग्रॅमला दहा-बारा थेंब, आणि तेही वाळ्यावर-नागरमोथ्यावर टाकून मग मिसळा. पाकळीवर थेट टाकलं की डाग पडतो आणि वास दोन दिवसांत उडतो.

मिठात मुरवलेली पॉटपुरी म्हणजे काय?

‘पो-पुरी’ या फ्रेंच शब्दाचा सरळ अर्थ ‘कुजकं भांडं’. मूळ पद्धत ओली होती. पाकळ्या दोन दिवस वाळवून चामड्यासारख्या लवचीक झाल्या की तीन भाग पाकळ्या आणि एक भाग खडेमीठ असे थर चिनी मातीच्या बरणीत द्यायचे, वर वजन ठेवायचं, दोन-तीन आठवडे मुरू द्यायचं. नंतर तो गोळा मोडून त्यात दालचिनी, लवंग, वाळा मिसळायचा. रंग काळपट होतो पण वास सुक्या मिश्रणापेक्षा खोल असतो. आपल्या हवेत मीठ पाणी ओढतं, म्हणून हे झाकणाच्या बरणीतच ठेवा आणि पाहुणे आले की झाकण काढा. बरणी लोणच्याची नको, तिचा हिंगाचा वास कधी जात नाही.

पोटलीसाठी कापड कोणतं?

जुनं सुती. धुऊन धुऊन विरलेली मलमल, आजीच्या नऊवारीचा पदर, जुन्या धोतराचा तुकडा. नव्या कापडाला खळ असते, ती आधी धुऊन काढा. नायलॉनच्या जाळीदार पिशव्या दिसायला छान, पण त्यातून चुरा गळतो आणि रेशमी साडीवर डाग पडतो. आठ बाय दहा सेंटीमीटरची पिशवी, आत पंधरा ग्रॅम मिश्रण, तोंडाला धाग्याची सुटी गाठ. शिवून बंद करू नका, पुन्हा भरावी लागते. वास मंदावला की पोटली मुठीत चुरडा, आतले तुकडे मोडून नवा वास सुटतो. दोन-तीन महिन्यांनी एकदा एवढं करावं.

लवंगा टोचलेलं संत्रं इथे जमतं का?

डिसेंबर-जानेवारीत जमतं. पण नागपुरी संत्र्याची साल सैल असते, लवंग टोचली की ती फाटते आणि आत रस गोळा होऊन कुजतं. मोसंबी किंवा जाड सालीचं लिंबू घ्या. दाभणाने आधी भोक पाडा, लवंगा दाट टोचा, दालचिनीच्या पुडीत घोळवा आणि कागदी पिशवीत घालून वाऱ्याला टांगा. तीन-चार आठवड्यांत ते हलकं, लाकडासारखं होतं. मऊ जागा दिसली तर टाकून द्या.

फुलं लावलेल्या मेणाच्या वड्या पेटवायच्या का?

नाही, कधीच नाही. सुकी पाकळी वातीसारखी पेट घेते. त्या वड्या कपाटात टांगण्यासाठी असतात. मधमाशांचं मेण साधारण 62 ते 65 अंशांना वितळतं, त्यामुळे आपल्या मे महिन्यातही वडी वितळत नाही. मात्र मेण नेहमी पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, थेट गॅसवर नाही. साच्यात ओतलं की वर पापुद्रा धरेपर्यंत थांबा आणि मग फुलं दाबा, नाहीतर ती बुडतात.

घरी धूप करता येईल?

येतो. उरलेल्या दवण्याची, नागरमोथ्याची आणि गुलाबाची बारीक पूड, त्यात मैदालकडीची पूड चिकटण्यासाठी, कोमट पाण्याने घट्ट मळून बोटाएवढे शंकू वळायचे आणि सावलीत आठवडाभर वाळवायचे. तेल आणि मीठ पडलेलं मिश्रण यात नको. आणि बंद फ्लॅटमध्ये धूर हा धूरच असतो, नैसर्गिक असला तरी. खिडकी उघडी ठेवा, घरात दम्याचं माणूस असेल तर लावूच नका.

बरणीत किडे झाले. काय करू?

बारीक तपकिरी किडे मसाल्यांतून किंवा पाकळ्यांतून येतात. मिश्रण हवाबंद पिशवीत घालून चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. मी आता बाजारातून आणलेला प्रत्येक माल वापरण्याआधीच असा थंडीतून काढते.

लहान मुलं, मांजर घरात असताना हे सुरक्षित आहे का?

सुकी पानं-मुळं बहुतेक निरुपद्रवी, पण तीन गोष्टींबाबत मी कुणाचंही ऐकत नाही. कापूर मुलांच्या हाताशी ठेवू नका. गिळला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत अजिबात घालू नका. जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांत त्या वासानेही रक्तपेशी फुटू शकतात, आणि ती कमतरता अनेकदा आधी कळलेली नसते. बाळंतविड्यासाठी वाळा आणि पाच पुरे. तिसरं, घरात मांजर असेल तर सुगंधी तेलं टाळा, विशेषतः टी ट्री आणि लिंबूवर्गीय. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाहीत.

देवाचं निर्माल्य वापरलं तर चालेल?

हे ज्याच्या-त्याच्या भावनेवर आहे. मी घरच्या देवाची फुलं वाळवते, पण ती फक्त देवघरातल्या पोटलीत आणि धुपात जातात, चपलांच्या कपाटात नाही. हळद-कुंकू, अक्षता, दूध-पाणी लागलेली फुलं मात्र बाजूला काढा, ती आधी सडतात. झेंडूला वाळल्यावर रंग राहतो, वास फार नाही. रंगासाठी घालायला हरकत नाही.

पावसाळ्यात कपाटाला कुबट वास येतो. पोटलीने जाईल का?

जाणार नाही. कुबट वास म्हणजे ओल आणि बुरशी, त्यावर सुगंध ठेवला तर दोन्ही मिळून अधिक वाईट होतं. आधी कपाट भिंतीपासून चार बोटं सरकवा, आतून पुसून पंख्याने वाळवा, ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवा. पोटली त्यानंतर. जून ते सप्टेंबर मी स्वतः पोटल्या बरणीत बंद करून ठेवते आणि घटस्थापनेच्या आधी बाहेर काढते.

प्रदर्शनात विकायच्या आहेत. काही नियम?

बंद पाकिटात विकत असाल तर पाकिटावर तुमचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन किंवा नग, महिना-वर्ष आणि सर्व करांसह कमाल किंमत छापावी लागते. आत काय आहे तेही लिहा, एखादीला एखाद्या फुलाची ॲलर्जी असते.

वर्षभराने वास गेला. टाकून द्यायचं का?

तेल किंवा मीठ घातलेलं नसेल तर पाकळ्या आणि पानं कुंडीत मातीखाली दाबा. वाळा मात्र वेगळा काढा. तो धुऊन, एक दिवस कडक उन्हात वाळवून पुन्हा हुंगा, बहुतेक वेळा निम्मा जीव शिल्लक असतो. कापलेला नसेल आणि त्याला तेल लागलेलं नसेल, तर उन्हाळ्यात फडक्यात बांधून माठात सोडा. पाणी लागलं की त्याचा वास परत येतो.